संदर्भांची मोजदाद आणि रुग्णांची सोय

विद्येच्या बाजारातही आता चलन आले आहे. संशोधकाने किती निबंध प्रसिद्ध केले आणि इतर संशोधकांनी त्यांचा किती वेळा संदर्भ दिला, यावरून त्याची पत ठरते. जॉर्ज हिर्श या पदार्थवैज्ञानिकाने २००५ मध्ये सुचविलेला निर्देशांक हे या हिशेबाचे सुटसुटीत रूप होय. ज्याच्या ५० निबंधांचा प्रत्येकी किमान ५० वेळा संदर्भ दिला गेला, त्याचा निर्देशांक ५०. परंतु चलन म्हणजे संपत्ती नव्हे, हा अर्थशास्त्राचा पहिला धडा येथेही विसरून चालणार नाही.

मनोविकारशास्त्रात या हिशेबात अग्रभागी असलेले एक नाव डॉ. विक्रम पटेल यांचे आहे. जन्म मुंबईचा, कार्यभूमी गोवा. १९९६ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह तेथे ‘संगाथ’ ही संस्था स्थापन केली. विशेष हे की, या चलनाच्या टांकसाळीवरच त्यांनी बोट ठेवले. अथुला सुमतिपाल यांच्यासह २००१ मध्ये त्यांनी सहा प्रमुख नियतकालिकांची पाहणी प्रसिद्ध केली. जगाच्या ९० टक्क्यांहून अधिक लोकसंख्येच्या प्रदेशांतून आलेले लेखन त्यांत अवघे ६ टक्के होते. ज्यांचे दुःख छापलेच जात नाही, त्याला संदर्भ तरी कोण देणार?

या प्रश्नाचे उत्तर त्यांनी कामातून दिले. गोव्यातील २४ दवाखान्यांत औदासीन्य व चिंताविकाराच्या रुग्णांवर केलेली ‘मानस’ ही चाचणी २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. डॉक्टर नसलेल्या, परंतु प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांकडे उपचारांतील मोठा वाटा सोपविण्यात आला होता. सरकारी केंद्रांत या पद्धतीने सहा महिन्यांत ६५.९ टक्के रुग्ण बरे झाले. ती नसलेल्या केंद्रांत हे प्रमाण ४२.५ टक्के होते. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक आढळला नाही, आणि तेही त्याच निबंधात नमूद आहे. हे संशोधन जगभर वाचले गेले ते त्यातील प्रश्न येथल्या मातीतला होता म्हणून.

आता दुसरी वही उघडावयास हवी. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, विकारपरत्वे ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचार मिळत नाहीत. महाराष्ट्रातील प्रादेशिक मनोरुग्णालये चार : पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. खंडाळा तालुक्यातील एखाद्या वाडीवरची बाई झोप लागत नाही, अंग दुखते, जिवाची घालमेल होते म्हणून जवळच्या आरोग्य केंद्रात येते. तिला येरवड्याची वाट दाखविणे हा उपाय नव्हे, आणि शक्तिवर्धक गोळ्या देऊन परत पाठविणे हा तर नव्हेच. तिचे दुःख ओळखणारे माणूस त्या केंद्रातच हवे. असे माणूस घडविता येते, हेच गोव्याने सिद्ध केले. याच तालुक्यातील नायगावी जन्मलेल्या सावित्रीबाई फुले शिक्षिकेचे शिक्षण घेऊन १८४८ मध्ये पुण्यात मुलींना शिकवू लागल्या. त्या परंपरेच्या प्रदेशाला प्रशिक्षणाचे मोल निराळे सांगावयास नको.

मग संदर्भांची मोजदाद टाकाऊ काय? तसे नाही. ज्ञान जाणकारांत किती फिरले, एवढे ती नक्की सांगते. मात्र मोजमाप हेच साध्य झाले की मोजमाप बिघडते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये प्राध्यापकांची बढती प्रकाशनांच्या गुणांशी जोडली. पुढे २०१८ मध्ये त्याच आयोगाला आपल्या मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळावी लागली. गुणांची मागणी निर्माण केली की कागदाचा पुरवठा आपोआप होतो. ज्ञानाचा होतोच असे नाही.

म्हणून संशोधनाला पैसा देणाऱ्यांनी निबंधाच्या पुढचा एक प्रश्न विचारावा : यातील कोणती गोष्ट कोणत्या आरोग्य केंद्रात उतरली? आणि शासनाने उलट प्रश्न स्वतःला विचारावा : जे सिद्ध होऊन वर्षे लोटली, ते प्रत्येक तालुक्यात का पोहोचले नाही? निबंधाला संदर्भ देणे हे विद्वानांचे काम आहे. त्याची अंमलबजावणी हे शासनाचे काम आहे, आणि ते परदेशी विद्वानांच्या प्रशंसेने भागत नाही.