घराची पात्रता ठरवताना माणसेही मोजा

म्हाडाच्या मुंबई महानगर प्रदेशातील सोडतीत अत्यल्प गटासाठी वार्षिक सहा लाख आणि अल्प गटासाठी नऊ लाख रुपयांची उत्पन्नमर्यादा 2022 मध्ये ठरली. पती-पत्नीचे उत्पन्न एकत्र धरले जाते, पण त्यावर किती जण जगतात, हे विचारलेच जात नाही. सहा लाखांत दोघांच्या संसाराला माणशी महिना 25 हजार येतात; म्हातारे आईवडील आणि मूल असलेल्या पाच जणांच्या घरात तेच दहा हजार होतात. तरी दोन्ही कुटुंबे एकाच रांगेत! आणि पगार जरा वाढला, की हेच मोठे कुटुंब वरच्या गटात, न परवडणाऱ्या किमतीपुढे उभे राहते.

अमेरिकेत घरासाठीची उत्पन्नमर्यादा ठरवताना चौघांचे कुटुंब प्रमाण मानतात. एकट्यासाठी मर्यादा चौघांच्या मर्यादेच्या 70 टक्के, पाच जणांसाठी 108, आठ जणांसाठी 132 टक्के असते. आपल्याकडे माणसे मोजली, तर खोटी नावे घुसवली जातील, ही भीती रास्त आहे. पण शिधापत्रिका आणि आधार यांची पडताळणी करता येतेच. गृहनिर्माण विभागाने पुढच्या सोडतीपूर्वी अवलंबून असलेल्या प्रत्येक सदस्यामागे मर्यादा वाढवावी.