फुल्ल रेंज, पण नेट कुठंय?

रविवारी संध्याकाळी आरे-वारेला गेलात की एक गंमत हमखास होते. चढावरच्या वळणावर थांबून तुम्ही खालच्या समुद्राचा फोटो काढता, स्टोरी टाकायला जाता आणि ते गोल चक्र फिरतच राहतं. रेंजच्या काड्या मात्र फुल्ल! मला तर शहाळ्याचे पैसे यूपीआयने द्यायला दहा मिनिटं लागली. शेवटी मैत्रिणीकडून सुट्टे घेतले.

दोष फोनचा नाही. काड्या सांगतात सिग्नल किती जोरात येतोय. गर्दीत तुमच्या वाट्याला किती नेट येणार, हे त्या सांगत नाहीत. ते ठरतं टॉवरवर किती 'कॅरिअर', म्हणजे फ्रिक्वेन्सीचे पट्टे चालू आहेत यावर. ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब पोचतात, पण तिथले पट्टे अरुंद असतात. २३०० ला जागा जास्त, पण पल्ला कमी. 'कॅरिअर अ‍ॅग्रिगेशन'मध्ये असे वेगवेगळे पट्टे जोडून एकाच फोनला दिले जातात. टाकी एकाऐवजी तीन नळांनी भरावी, तसं. एलटीई-अ‍ॅडव्हान्स्डच्या सुरुवातीच्या मानकातच २० मेगाहर्ट्झचे ५ कॅरिअर, म्हणजे १०० मेगाहर्ट्झ जोडायची सोय होती. बऱ्याच फोनवर तेव्हा '४जी+' दिसतं.

पण टॉवरवर नळ एकच असेल तर महागडा फोन तरी काय जोडणार?

खरी गोम पुढे आहे. स्पेक्ट्रमचा लिलाव सर्कलनुसार होतो. पुणे आणि रत्नागिरी एकाच, महाराष्ट्र सर्कलमध्ये येतात. म्हणजे कंपनीने पुण्यासाठी घेतलेले पट्टे तिला आपल्याकडेही वापरता येतात. रिचार्जही आपण तेवढ्याचाच मारतो. मग यंत्रणा बसवताना गावाचा नंबर शेवटी का?

'तिथे गर्दी फक्त वीकेंडला असते,' असं कुणी म्हणेल. पण त्याच वीकेंडला गावातली एखादी मुलगी भरतीचा ऑनलाइन फॉर्म भरत असते आणि होमस्टेवाल्याचं बुकिंग अडकलेलं असतं. त्यांना पर्यटकांसारखं सोमवारी शहरात परत जायचं नसतं.

ट्रायच्या २०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांना कव्हरेजचे नकाशे वेबसाइटवर द्यावे लागतात. ४जी, ५जी कुठे आहे ते त्यात दिसतं. माझं म्हणणं इतकंच, की कुठल्या टॉवरवर किती कॅरिअर चालू आहेत, हेही त्यात दिसलं पाहिजे. तोवर तक्रार करताना 'रेंज नाही' म्हणू नका. विचारा, 'आमच्या टॉवरवर कॅरिअर किती?'