विश्लेषण : शालेय ‘उन्हाळी संशोधना’चे मोल किती?

अमेरिकी विद्यापीठात पदवीसाठी प्रवेश हवा, तर शाळेत असतानाच ‘संशोधन’ केलेले असावे, असा समज आपल्याकडेही अनेक पालकांमध्ये रुजला आहे. त्यासाठी उन्हाळी शिबिरे आणि ऑनलाइन संशोधन कार्यक्रमांवर लाखो रुपये खर्च होतात. या पैशांत नेमके काय मिळते?

कार्यक्रमांचे मूळ काय?

सोव्हिएत रशियाने ऑक्टोबर १९५७ मध्ये ‘स्पुतनिक’ अवकाशात सोडला आणि अमेरिकेने विज्ञान शिक्षणावरील खर्च वाढवला. शालेय विद्यार्थ्यांच्या उन्हाळी विज्ञान प्रशिक्षणालाही सरकारी निधी मिळू लागला. १९८४ मध्ये ‘रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट’ (आरएसआय) हा उपक्रम सुरू झाला. आता तो ‘एमआयटी’मध्ये सहा आठवडे चालतो. जगभरातून सुमारे १०० विद्यार्थी निवडले जातात. शिकणे, राहणे, जेवण मोफत. प्रवासखर्च तेवढा स्वतःचा.

मग बाजार कसा उभा राहिला?

अशा जागा मोजक्या, इच्छुक मात्र अफाट. त्यातच २०२० मध्ये करोनाकाळात अनेक अमेरिकी विद्यापीठांनी ‘सॅट’ची सक्ती काढली आणि अर्जातील इतर बाबींना महत्त्व आले. ही पोकळी खासगी कंपन्यांनी हेरली. ‘प्रोपब्लिका’ या शोधपत्रकारिता संस्थेच्या २०२३ मधील वृत्तानुसार, या कंपन्या अडीच हजार ते १० हजार डॉलर, म्हणजे दोन लाखांपासून आठ लाखांहून अधिक रुपये, शुल्क आकारतात. मार्गदर्शक नेमून देणे आणि शोधनिबंध प्रसिद्ध होण्यास मदत करणे, हे त्यांचे काम. यातील काही निबंध केवळ शालेय विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या, जुजबी छाननीच्या नियतकालिकांत छापले जातात.

नामांकित विद्यापीठाचे शिबिर असेल तर?

नामवंत विद्यापीठांचीही सशुल्क ‘प्री-कॉलेज’ शिबिरे असतात. त्यांत शिकायला मिळते, वसतिगृहाचा अनुभव मिळतो. पण त्यामुळे पदवी प्रवेशात झुकते माप मिळत नाही, असे अनेक विद्यापीठे स्वतःच स्पष्ट करतात. काही ठिकाणी तर आवार विद्यापीठाचे आणि आयोजक बाहेरची कंपनी असते.

भारतात पर्याय कोणते?

मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात ऑलिम्पियाडची निवड व मार्गदर्शन शिबिरे उन्हाळ्यात होतात. प्रवेश परीक्षांतील कामगिरीवर मिळतो, शुल्कावर नाही. ‘इस्रो’ने २०१९ मध्ये नववीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘युविका’ सुरू केला. त्यात प्रवास, निवास आणि भोजनाचा खर्च ‘इस्रो’ करते. ग्रामीण शाळांतील मुलांना निवडीत जादा भारांकही मिळतो. पण जागा येथेही मोजक्याच.

पालकांनी काय तपासावे?

निवड कशी होते, आलेल्यांपैकी किती जणांना नाकारतात, प्रत्यक्ष कोण शिकवणार आणि निबंध कुठे छापणार, हे चार प्रश्न आधी विचारावेत. पैसे भरणाऱ्या प्रत्येकाला प्रवेश मिळत असेल, तर त्या प्रमाणपत्रातून गुणवत्ता नव्हे, ऐपत दिसते. हजारो अर्ज चाळणाऱ्या प्रवेश अधिकाऱ्याला प्रत्येक निबंध बारकाईने वाचणे शक्य नसते. त्यामुळे विकतचे संशोधन खपून जाते आणि शाळेच्या तुटपुंज्या प्रयोगशाळेत खरोखर धडपडलेला विद्यार्थी मागे पडू शकतो. नुकसान केवळ पालकांच्या खिशाचे नाही, ते असे आहे.