वस्तीपर्यंतची वाट

चिंचोळी एमआयडीसींतून ५०,००० रुपयांहून अधिक किमतीचा माल परराज्यांत निघावयाचा, तर गाडीबरोबर ई-वे बिल असावें लागतें. २०१८ सालापासूनचा हा दंडक आहे, आणि तें बिल बहुधा इंटरनेटवरच तयार होतें. तेव्हां कारखान्याची जोडणी घटकाभर तुटली, तरी गाडी फाटकाशीं अडते व एकच धांवपळ उडते. रानांतील वस्तीवर मुलाचा पाठ अडला, तर मात्र कोणाचीही धांवपळ होत नाहीं. हा भेद आम्हांस खुपतो.

तो खुपावा यास आमच्या जिल्ह्यांत विशेष कारण आहे. माढा तालुक्यांतील परितेवाडीच्या शाळेंत श्री. रणजितसिंह डिसले गुरुजींनीं पाठ्यपुस्तकांस क्यूआर संकेत जोडण्याचा प्रयोग केला. पुढें राज्यानें तो उचलला, आणि २०२० सालीं गुरुजींस जागतिक शिक्षक पारितोषिक लाभलें. पानावरील तो काळापांढरा चौकोन म्हणजे पाठामागील ज्ञानभांडाराचें दार. परंतु जेथें लहर पोंचत नाहीं, तेथें तें दार नव्हे, नुसती नक्षी!

कोणी म्हणेल, २०१६ नंतर मोबाईलचा डेटा इतका स्वस्त झाला, मग तक्रार कसली? पण घरांत फोन एक, मुलें तीन, आणि तो फोन दिवसभर वडिलांच्या खिशांत. शिवाय जवळपास मनोराच नसेल, तर त्या स्वस्ताईचें करावयाचें काय?

सरकारनें कांहींच केलें नाहीं, असें म्हणणें अन्यायाचें होईल. २०११ सालीं मंजूर झालेल्या व पुढें भारतनेट हें नांव पावलेल्या योजनेनें ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतूची तार नेण्याचें काम हातीं घेतलें. पण आमच्याकडे पुष्कळ शेतकरी गांवठाणांत न राहतां शेतांतील वस्तीवर राहतात. खरा खर्च आहे तो पंचायतीच्या उंबरठ्यापासून पुढचा. दहा घरांकरितां कोसभर चर कोण खणणार?

म्हणून ही वाट हवेंतून न्यावी, असें आमचें मत आहे. मुंबईच्या आय.आय.टी.नें 'ग्राममार्ग' उपक्रमांत पालघर जिल्ह्यांतील खेड्यांत तसें करून दाखविलें. टेलिव्हिजनसाठीं राखलेल्या परंतु रिकाम्या पडलेल्या पट्ट्यांतील लहरी वाय-फायच्या लहरींहून दूर जातात व झाडाझुडपांस तितक्या अडत नाहींत, हें त्यांतील मर्म. २०१७ सालीं मोझिला संस्थेच्या स्पर्धेंत या उपक्रमास पहिलें पारितोषिक मिळालें. पालघरच्या डोंगरझाडींत जें साधलें, तें आमच्या उघड्या माळावर साधूं नये काय?

डिसेंबर २०२० मध्यें मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेनें किराणा दुकानदारासही परवान्यावांचून वाय-फाय पुरविण्याची मुभा दिली आहे. अडतें तें खांब, वीज व देखरेख यांपाशीं. २०१३ च्या कंपनी कायद्यानें ठराविक नफा मिळविणाऱ्या कंपन्यांस सरासरी नफ्याचे २ टक्के लोकोपयोगी कामांवर खर्चावे लागतात. चिंचोळींतील ज्या कारखान्यांस हें लागू असेल, त्यांनीं खांब व सौर पत्रे द्यावे. जागा गांवच्या शाळेनें द्यावी. आठवड्यांतून एकदां पत्र्यांवरील धूळ पुसून बॅटरी पाहण्यास वरच्या वर्गांतील दोन मुलें पुरेत.