नग्नतावाद : पाच गैरसमज आणि माथेरानचा एक विसरलेला संघ

१. ‘नग्नतावाद’ म्हटले की मराठी वाचकाच्या मनात बहुधा दोन चित्रे उभी राहतात : युरोपातील एखादा समुद्रकिनारा किंवा कुंभमेळ्यातील नागा साधूंची मिरवणूक. दोन्ही अपुरी आहेत. या चळवळीच्या इतिहासातील एक आरंभीचे पान सह्याद्रीच्या डोंगरावर लिहिले गेले आहे.

२. पहिला गैरसमज : ही विसाव्या शतकातील युरोपीय टूम आहे.
आधुनिक अर्थाने ज्ञात असलेला सर्वांत जुना नग्नतावादी संघ १८९१ साली माथेरान येथे स्थापन झाला. नाव ‘फेलोशिप ऑफ द नेकेड ट्रस्ट’. संस्थापक चार्ल्स एडवर्ड गॉर्डन क्रॉफर्ड हा मुंबई प्रांताच्या सेवेतील जिल्हा व सत्र न्यायाधीश होता. आरंभी सभासद अवघे तीन : स्वतः क्रॉफर्ड आणि एका अँग्लिकन मिशनऱ्याचे दोन मुलगे. नेरळ-माथेरानची छोटी रेल्वे १९०७ साली सुरू झाली. तोवर तो डोंगर पुरेसा एकांताचा होता.

३. पुढे क्रॉफर्डची रत्नागिरीला बदली झाली, संघ विस्कळीत झाला आणि १८९४ मध्ये त्याचे निधन झाले. जर्मनीतील क्लिंगबर्गचे प्रसिद्ध नग्नोद्यान १९०३ चे, म्हणजे माथेराननंतरचे. अर्थात यावरून नग्नतावाद ‘मूळचा भारतीय’ ठरत नाही. संस्थापक इंग्रज होता, विचारही इंग्लंडमधील ‘साध्या जीवना’च्या चळवळीशी जोडलेले होते. अभिमान आणि नकार, दोन्ही टोके येथे चुकतात.

४. दुसरा गैरसमज : यामागे कामवासना असते.
इंग्रज विचारवंत एडवर्ड कार्पेंटर यांना लिहिलेल्या पत्रांत क्रॉफर्डने शारीरिक, नैतिक आणि सौंदर्यविषयक अशी कारणे मांडली. देह सतत झाकल्यामुळेच खोटी लाज आणि विकृत कुतूहल वाढते, हा त्याचा नैतिक युक्तिवाद. १९७४ साली आंतरराष्ट्रीय निसर्गवादी महासंघाने केलेल्या व्याख्येतही सामूहिक नग्नतेचा हेतू स्वतःविषयी, इतरांविषयी आणि पर्यावरणाविषयी आदर हाच सांगितला आहे. हा दावा कोणाला पटो वा न पटो. टीका करायची तर निदान याच दाव्यावर व्हावी.

५. तिसरा गैरसमज : दिगंबर मुनी आणि नागा साधू हे ‘आपले’ नग्नतावादी.
जैन परंपरेत मुनींनी सोसावयाच्या बावीस परीषहांमध्ये नग्नतेची गणना होते. वस्त्राचा त्याग हा अपरिग्रहाचा भाग, आयुष्यभराचे व्रत. नग्नतावादी मनुष्य मात्र सुखासाठी, आरोग्यासाठी कपडे उतरवतो आणि सुट्टी संपली की पुन्हा घालतो. एकाकडे तप आहे, दुसऱ्याकडे विरंगुळा. दोघांना एकाच नावाखाली बसवणे हा दोघांवरही अन्याय आहे.

६. चौथा गैरसमज : अंगावर कमी वस्त्र म्हणजे नग्नतावाद.
मोहाडीच्या बांधीत लंगोटी लावून चिखलणी करणारा धान-उत्पादक कोणत्याही वादाचा अनुयायी नव्हता. चिखल, उकाडा आणि गरिबी यांनी त्याचा वेश ठरवला होता. साम्राज्याच्या नजरेत असा उघडा देह मागासलेपणाची खूण ठरे. त्याच साम्राज्याचा न्यायाधीश माथेरानवर वस्त्रे उतरवी, तेव्हा मात्र तो स्वातंत्र्याचा प्रयोग होई. देह दोन्हीकडे उघडाच; निवड करण्याची मुभा मात्र एकालाच होती.

७. पाचवा गैरसमज : नग्न देह म्हणजेच अश्लीलता.
र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ या काळात ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. मुखपृष्ठांवर नग्नचित्रे छापली आणि नग्नतेचा उघड पुरस्कार केला. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ साली खटला झाला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. तरीही दंड चुकला नाही. पुढे २०१४ साली, अवीक सरकार खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की केवळ नग्नतेमुळे एखादे चित्र अश्लील ठरत नाही. संदर्भ पाहावा लागतो. सार्वजनिक ठिकाणच्या वर्तनाचा कायदा अर्थातच निराळा आहे.

८. नग्नतावादाचा पुरस्कार न करताही त्याचा इतिहास नीट वाचता येतो. त्यासाठी नग्नतेची एकच व्याख्या मनात धरून बसण्याची सवय सोडावी लागेल. जुन्या छायाचित्रातील उघडा देह पाहताना तीन प्रश्न विचारावेत : ही नग्नता त्या व्यक्तीने स्वतः निवडली होती काय? भोवतालच्यांची तिला संमती होती काय? आणि तिला ‘रानटी’, ‘पवित्र’ किंवा ‘आधुनिक’ हे नाव कोणी दिले? बहुतेक गैरसमज या तिसऱ्या प्रश्नाकडे दुर्लक्ष केल्यामुळेच टिकून आहेत.