डंब्याचा वाद आणि अर्धा हिशेब

फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखलदरा तालुक्यातील सिमोरी गावात २२ दिवसांच्या बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याने ६५ चटके दिल्याची बातमी आली. अशा बातमीनंतर ‘हे लोक सुधारायचेच नाहीत’ हे वाक्य हमखास ऐकू येते. डंबा देणे घातकच आहे. नाजूक कातडी भाजते, जखमेत जंतू शिरतात आणि न्यूमोनियासारखा खरा आजार तसाच वाढत राहतो. पण मेळघाटात डंब्यावरचा विश्वास का टिकला, हे चिडून कळणार नाही.

तो विश्वास अनुभवातून येतो. तान्ह्या बाळाचे पोट दुखल्यासारखे कळवळून रडणे बहुतेकदा तीन-चार महिन्यांत आपोआप थांबते. मध्ये डंबा दिला असेल तर श्रेय डंब्याला जाते. डागणारा भूमका असो की घरातली म्हातारी, बरी झालेली बाळे त्यांच्या डोळ्यांसमोर अंगणात खेळतात. न सावरलेली बाळे घाट उतरून परतवाड्याला, अमरावतीला येतात. काही तर पोहोचतच नाहीत.

आम्हा सरकारी डॉक्टरांना नेमके उलटे दिसते. आमच्याकडे प्रकृती बिघडलेलीच बाळे येतात. त्यावरून भूमका लबाड आणि आई अडाणी, असे मत सहज बनते. हाही अर्धाच हिशेब. आपल्या मताला जुळणारे दाखले लक्षात राहतात, न जुळणारे गळून पडतात. यालाच पूर्वग्रह म्हणतात आणि तो डिग्रीने जात नाही.

यावर उतारा काय, ते गडचिरोलीत दिसले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळाची काळजी आणि जंतुसंसर्गावर इंजेक्शन देणे शिकवले. डॉक्टरविना इंजेक्शन कसे, ही शंका रास्तच होती. त्यांनी ३९ गावांतला प्रत्येक जन्म व मृत्यू मोजला आणि ४७ गावांशी तुलना केली. नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. दवाखान्यात न आलेल्या बाळांचीही मोजदाद झाली, म्हणून शंकेला उत्तर मिळाले.

ऐकून घेणे म्हणजे मान्य करणे नव्हे. डंबा थांबलाच पाहिजे. पण ‘का डागले?’ असे दरडावण्याऐवजी ‘बाळाला काय होत होते? इकडे यायला काय अडले?’ असे विचारले, तर कामाची उत्तरे मिळतात: गाडी नव्हती, घरी दुसरे लेकरू होते, मजुरी बुडत होती, आमची कोरकू बोली तिथे कोणाला कळत नाही. यातल्या बऱ्याच गोष्टींवर तोडगा निघतो. दरडावलेली आई मात्र पुढच्या वेळी आणखी उशिरा येते.

परतवाड्यातल्या सुशिक्षित घरांतही हेच चालते. ‘इन्सुलिन घेतले की किडनी जाते’ म्हणणाऱ्याने तशी दोन माणसे पाहिलेली असतात. मधुमेह वर्षानुवर्षे अंगावर काढून शेवटी इन्सुलिन घेतले होते, हे त्याला ठाऊक नसते. त्याला हसू नका, ती दोन माणसे कोण ते विचारा. आणि स्वतःलाही एक प्रश्न करा: माझ्या नजरेआड राहिलेली माणसे कोणती?