डेव्हिड नव्हे, चेऊलकर

ज्यू नटनट्या कोण, असे विचारले की सुलोचना आणि नादिरा ही नावे चटकन पुढे येतात. पण त्या दोघी बगदादी घराण्यांतल्या. मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल घरातले नट म्हणजे १९०९ साली जन्मलेले डेव्हिड अब्राहम चेऊलकर.

वकिलीची पदवी घेतलेल्या माणसाने तोंडाला रंग लावायचा, तोही नायकाचा नव्हे, काका-मामांचा! तरी ‘बूट पॉलिश’मधल्या जॉन चाचाने त्यांना फिल्मफेअर मिळवून दिले, १९६९ साली पद्मश्रीही आली. १९७९च्या ‘गोलमाल’मधले डॉक्टर केदार तर आजही घरोघरी हसवतात.

रूबी मायर्सची सुलोचना झाली. डेव्हिड मात्र डेव्हिडच राहिले, हे मोठेच धाडस. पण चेऊलकर पडद्यावर आले नाही, म्हणून पुष्कळांनी त्यांना ख्रिस्ती समजून टाकले. नटाला धंद्यापायी नाव आखूड करावे लागते, हे समजते. इस्राएलात येऊन ज्यांनी आडनावातला ‘कर’ काढून टाकला, त्यांना कुठला सिनेमा करायचा होता? मुलांनी नकाशात अलिबागखालचे चौल शोधावे. तेच चेऊल. मग आजोबांना आपल्या घराचे गाव विचारावे.